खुल्या बाजाराच्या समर्थकाने बियाण्यावरची मालकी मानावी का?

प्रश्न असा आहे: "मला खुला बाजार पटतो, मालमत्तेचा हक्कही पटतो. मग वाणावर कंपनीची मालकी मानायची, की घरचं बियाणं शेजाऱ्याला विकायची शेतकऱ्याची मोकळीक?"

भाऊ, यावर खुल्या बाजारवाल्यांचंच आपसात जुनं भांडण आहे. अमेरिकी विचारवंत लायसँडर स्पूनरने 1855 मध्ये मांडलं की कल्पना ही जमिनीसारखीच मालमत्ता, तीही कायमची. लेखिका आयन रँड पेटंट-कॉपीराइटच्या बाजूने होती, पण तिला मुदत हवी होती. स्टीफन किन्सेला स्वतः पेटंटचा वकील, आणि त्याचाच सगळ्यात कडक विरोध. त्याचं म्हणणं, मालमत्ता लागते ती टंचाईपायी. तुमच्या वावरात मी वखर घातला तर त्या वेळी तुम्हाला घालता येत नाही. तुमची पेरणीची रीत मी उचलली तर तुमच्याकडची काहीच कमी होत नाही. उलट पेटंट आलं की माझ्या पोत्यातलं, माझ्या पैशाचं बी माझ्याच वावरात टाकायला दुसऱ्याची परवानगी लागते. मला हा मुद्दा अजून कुणी खोडलेला दिसत नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्डची भूमिका मधली. विकताना 'नक्कल करू नये' अशी अट घालायला त्याची हरकत नाही. पण ज्याने तीच गोष्ट स्वतंत्रपणे शोधली, त्याला अडवायचं नाही; पेटंट नेमकं त्यालाच अडवतं.

आता पऱ्हाटी, म्हणजे कापूस घ्या. संकरित बियाण्याला निसर्गानेच कुलूप लावलंय. पाकिटातलं बी पेरून निघालेली सरकी पुढच्या वर्षी लावली तर झाडं एकसारखी राहत नाहीत: काही उंच, काही बुटकी, बोंडं लहान-मोठी. संकराच्या एकाच पालकाकडून बीटीचा, म्हणजे बोंडअळीला मारणारा, एक जीन आला असेल, तर चारपैकी साधारण एका झाडात तो उतरतच नाही आणि अळी तिथे बसते. म्हणून शेतकरी दर वर्षी पाकीट घेतो. त्याला कायद्याचा धाक लागत नाही.

धानाच्या साध्या वाणांना आणि सोयाबीनला हे कुलूप नाही, खरा पेच तिथे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी बांधीतल्या वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरून एचएमटी नावाचं धानाचं वाण काढलं. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण प्रसारित केलं. धान पिकवायला लोक मोकळे होते, ते बरंच झालं. खटकतं ते श्रेय आणि मोबदला दुसरीकडे गेला हे. त्याला पेटंट लागत नव्हतं, बियाणं देताना दोन ओळींची लेखी अट पुरली असती. म्हणून मी रॉथबार्डच्या जवळ आहे.

आपला कायदाही पुष्कळ तसाच आहे. बियाण्यावर पेटंट मिळत नाही. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतातल्या पिकाच्या वाणाला 15 वर्षं संरक्षण मिळतं, पण कलम 39 प्रमाणे शेतकरी संरक्षित वाणाचं बियाणंही राखू, पेरू, अदलाबदल करू, विकू शकतो. फक्त ते वाण संरक्षित असल्याचं लेबल लावलेल्या पिशवीत विकायचं नाही. 1966 च्या बियाणे कायद्यातही स्वतः पिकवलेलं बी आपल्या जागेवरून थेट पेरणाऱ्याला देणाऱ्याला सूट आहे.

स्वतःचं वाण असेल तर शेतकऱ्याला नोंदणी फी माफ आहे. निवड कोणत्या हंगामात केली, कोणत्या वावरात, वेगळेपण काय, याची वही ठेवा. कुणी नमुना मागितला तर किती किलो, कशासाठी दिला आणि वाण प्रसारित झालं तर नाव कुणाचं, हे कागदावर घेऊन दोघांच्या सह्या करा.

चोरबीटी, म्हणजे मंजुरी नसलेलं चोरून विकलं जाणारं कपाशीचं बियाणं, मात्र यात मिसळू नका. तिच्यावरची बंदी मालकीमुळे नाही, पर्यावरण कायद्याखालची मंजुरी नसल्यामुळे आहे. कंपनी उद्या हक्क सोडून मोकळी झाली तरी ही बंदी उठणार नाही.