जुना बास गिटार घेताना आधी नेक बघ

अरे रंग उडालाय, बॉडीला टवके गेलेत, याचं टेन्शन घेऊ नको, उलट त्यावर भाव कमी करून घे. खरा खेळ नेकचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या लांब दांड्याचा. हेडस्टॉककडून, म्हणजे तारा आवळायच्या खुंट्या असतात त्या टोकाकडून, एक डोळा मिटून बॉडीकडे बघ, थोडा बाक असला तर ट्रस रॉडने (नेकच्या आतली धातूची सळई) निघतो, पण नेक पिळलेला असेल तर सरळ नाही म्हण, कितीही स्वस्त देत असला तरी. आणि ट्रस रॉडचा नट खरंच फिरतो का ते विचारून, त्याच्यासमोरच अगदी जरासा फिरवून बघ, कारण पार आवळून अडकलेला किंवा आतून तुटलेला रॉड म्हणजे बासच्या किमतीएवढा खर्च.

नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नको, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते. 'एकदम व्हिंटेज आहे' म्हणणारे खूप भेटतील, त्यांना कंट्रोल प्लेट (आतल्या वायरिंगवरचं झाकण) उघडायला सांग. पॉटवर (नॉबने फिरतो तो आतला भाग) कोड असतो, समजा १३७७६३४, तर १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ७६ म्हणजे १९७६ साल आणि ३४ वा आठवडा. म्हणजे बास त्याच्या आधीचा असूच शकत नाही, अर्थात पॉट नंतर बदललेला नसेल तर, म्हणून सोल्डरिंग पण बघ, जुनं सोल्डर मळकट दिसतं.

रिफिनिशच्या, म्हणजे बॉडी नव्याने रंगवायच्या, नादी मात्र लागू नको, जुन्या बासची किंमत त्यानेच पडते. पिकअप (तारांखालचे, आवाज पकडणारे भाग) बदललास तर मूळचे जपून ठेव, विकताना घेणारा पहिलं तेच विचारतो.