वाचकांचे प्रश्न : दोन टोकांचे सूर एकत्र येतात तेव्हा

प्रश्न : अगदी भिन्न परंपरांतील दोन कलावंतांनी मिळून केलेले संगीत कधी मनाला भिडते, तर कधी दोघेही थोर असूनही ते ओढूनताणून जुळवल्यासारखे वाटते. असे का होते?

उत्तर : दोघांच्या परंपरा एकमेकींपासून किती लांब आहेत, यावर हे फारसे अवलंबून नसते, असे मला वाटते. दोघांनाही आपापली शिस्त न सोडता उभे राहता येईल अशी एखादी समान जागा सापडली आहे की नाही, हे खरे महत्त्वाचे असते.

विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचे 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हे 1993 सालचे ध्वनिमुद्रण याचे मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते. एक रागसंगीतातला, दुसरा ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेली शैली) आणि लोकसंगीतात मुरलेला. शिवाय दोघांची प्रत्यक्ष भेटही ध्वनिमुद्रणाच्या थोडीच आधी झालेली. तरीही पहिल्या काही क्षणांतच दोन वाद्ये एकमेकांशी बोलू लागतात, कारण भट्टांची मोहनवीणा हे मुळात गिटारमध्ये बदल करून, तिला तरफांच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा जोडून घडवलेले वाद्य आहे, आणि दोघेही तारेवरून सळई किंवा नळी सरकवूनच वाजवतात. पडद्यांनी बांधलेल्या स्वरांच्या मधली जागा, जिथे आपल्याकडची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, राहते आणि जिथे ब्लूजमधला हुंदका राहतो, ती दोघांचीही रोजच्या रियाजाची जागा होती. त्यामुळे कोणालाही दुसऱ्याची भाषा उसनी घ्यावी लागली नाही. या ध्वनिमुद्रणाला पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यातले मौन अधिक मोलाचे वाटते: एक वाजवत असताना दुसरा किती वेळ थांबतो, ते जरूर ऐकावे.

समान जागा तालातही असू शकते. एरोस्मिथ या रॉक समूहाचे 1975 सालचे 'वॉक धिस वे' हे गाणे रन-डीएमसी या रॅप समूहाने 1986 मध्ये मूळ गायक आणि गिटारवादकासह पुन्हा केले, तेव्हा अनेकांना तो नवा प्रयोग वाटला. परंतु त्या गाण्याच्या आरंभीचा ड्रमचा ठेका तबकडीवर पुन्हा पुन्हा फिरवून त्यावर शब्द म्हणण्याची रीत रॅपच्या मंडळींत आधीपासूनच होती.

आणि अशी जागा मुळीच नसेल तर? 1977 मध्ये जुन्या पिढीतला अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी एका नाताळगीतासाठी एकत्र आले. बोवीला ते गाणे आपल्यासाठी योग्य वाटेना, म्हणून त्याच्यासाठी निराळी चाल आणि निराळे शब्द तातडीने रचले गेले; क्रॉस्बी जुन्या गाण्यावर राहिला आणि बोवीची ओळ त्याच्या वरून वाहत गेली. न जमणारी गोष्ट न लपवता तिच्यासाठी वेगळी वाट काढणे, हेही सहकार्यच आहे.

जे प्रयोग फसतात, त्यांत बहुधा एकजण यजमान असतो आणि दुसरा शोभेचा पाहुणा. तयार गाण्याच्या मध्यंतरात परक्या वाद्याची एक द्रुत फेक टाकली जाते, ती काढून टाकली तरी गाण्याचे काही बिघडत नाही, आणि त्या वादकाच्या आयुष्यभराच्या साधनेचा असा उपयोग व्हावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : हे स्वतः तपासून पाहण्यासाठी काय ऐकावे?

उत्तर : नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक आणि जुने युरोपीय धर्मसंगीत गाणारा हिलियर्ड आँसाम्ब्ल हा समूह यांचे 1994 सालचे 'ऑफिसियम' ऐकावे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश रचनाकार क्रिस्तोबाल दे मोरालेस यांची एक रचना त्यात तीनदा येते, आणि मधल्या वेळी तिच्यात सॅक्सोफोन नाही. आधी ती केवळ आवाजांची आवृत्ती ऐकावी, मग पहिली. गायक आपल्या स्वरांत काडीचाही बदल करत नाहीत, आणि सॅक्सोफोन त्या स्वरांच्या मधून, जणू आणखी एखादा कंठ असावा तसा, स्वतःची वाट शोधत जातो.