बॉनेटखालीही तोच रंग?

प्रश्न : माझ्या १९७८च्या प्रीमिअर पद्मिनीला नुकताच फिकट निळा रंग दिला. उरलेला रंग इंजिनलाही मारू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : निळा मारा, पण त्या डब्यातला नको. इंजिनचा बिडाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य सांगाडा, शंभर अंशांच्या आसपास तापतो. तिथे उष्णता सोसणारं इंजिन इनॅमलच हवं, जवळच्या छटेचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा गरम धूर बाहेर नेणारा नळ, तर सोडूनच द्या. मी हौसेनं एकदा तोही रंगवला होता; पहिल्याच फेरीत पापुद्रे सुटले आणि गाडीभर जळका वास! खरी मेहनत आधीची. डिझेल आणि ब्रशने तेलकट काजळी काढा, मग थिनरचं फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहा. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचं तोंड टेपने बंद करा. निळ्यावर ऑइलची गळती लगेच दिसेल. मला तर तेच आवडतं.