पुस्तकात शिरायचं ते प्रश्न घेऊन

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पेशीजीवशास्त्राच्या सात पुस्तकांची यादी आणि खाली एकच ओळ: ‘यातलं आधी कुठलं वाचू?’ यादी बघून हसू आलं, कारण माझ्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर जवळपास हीच यादी आहे. त्यातली सगळी पुस्तकं मी मिळवली होती. वाचून झाली दीड.

त्या दीडमधलं अर्धं म्हणजे ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’. अल्बर्ट्स आणि मंडळींचं, पहिली आवृत्ती 1983 ची, सातवी 2022 ची. सगळे त्याला नुसतं ‘अल्बर्ट्स’ म्हणतात, तूही म्हणशील. हजारावर पानं. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली, हातात पिवळा मार्कर. चौथ्या प्रकरणापर्यंत पुस्तक इतकं पिवळं झालं होतं की न रंगवलेल्या ओळीच उठून दिसायच्या. पुढे तोंडी परीक्षेत परीक्षकांनी साधा प्रश्न टाकला: डीएनएची नवी प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी असते हे कळलं कसं? मी म्हटलं, ‘अल्बर्ट्समध्ये आहे.’ ते काही बोलले नाहीत, पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते न बोलणं मला अजून आठवतं.

म्हणून तुझ्या यादीला क्रम लावून देण्याआधी त्या प्रश्नाचं उत्तर सांगते. माझी सगळी सांगण्यासारखी गोष्ट त्यात आहे.

1958 साली मेसेल्सन आणि स्टाल या दोन शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जिवाणू कितीतरी पिढ्या जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-15 वर वाढवले. त्यामुळे त्यांचा सगळा डीएनए जड झाला. मग ते जिवाणू साध्या नायट्रोजन-14 वर आणले आणि ठरावीक वेळाने थोडे थोडे काढून त्यांचा डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवला. या द्रावणात तळाकडे घनता जास्त, वर कमी. डीएनए आपल्या घनतेच्या पातळीला जाऊन थांबतो आणि तिथे त्याचा पट्टा दिसतो.

आता इथेच पुस्तक मीट. तेव्हा तीन कल्पना समोर होत्या. एक, जुना डीएनए जसाच्या तसा राहतो आणि पूर्ण नवा वेगळा तयार होतो. दोन, जुने दोन धागे सुटे होतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो. तीन, जुन्याचे तुकडे होऊन नव्यात विखुरतात. एका पिढीनंतर प्रत्येक कल्पनेप्रमाणे पट्टे कुठे दिसायला हवेत? कागदावर तीन नळ्या काढ आणि रेघा मार. दोन पिढ्यांनंतरच्या आणखी तीन काढ.

काढल्यास? एका पिढीनंतर प्रत्यक्षात एकच पट्टा मिळाला, मधोमध. पहिली कल्पना तिथेच बाद झाली. पण तुझ्या नळ्या नीट बघ, दुसरी आणि तिसरी अजून सारख्याच दिसतायत. निकाल अजून लागलेलाच नाही! तो लागतो दोन पिढ्यांनंतर. तेव्हा मधला पट्टा जागेवर राहिला आणि वर हलका पट्टा आला, दोन्हींत डीएनए जवळपास सारखा. तुकडे विखुरत असते तर एकच पट्टा हळूहळू वर सरकला असता. पाठ्यपुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात उरकलेलं असतं आणि आपण ‘मेसेल्सन, स्टाल, 1958’ एवढं रंगवून पान उलटतो. मी तेच केलं होतं.

तेव्हा आता तुझी यादी.

‘अल्बर्ट्स’ला लगेच हात घालू नकोस. त्याच मंडळींचं लहान भावंड आहे, ‘इसेन्शियल सेल बायॉलॉजी’. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येतं, आणि तसंच वाच. पुष्कळ जण ते ‘सोपं’ म्हणून बाजूला ठेवतात. त्यात शिकण्यासारखं कमी आहे असं मला तरी वाटत नाही. कितीतरी वर्षं काम करूनही पेशीच्या पटलाबद्दल काही अडलं तर मी आधी त्यातलंच प्रकरण उघडते.

मोठं पुस्तक जवळ ठेवायचं, पण शब्दकोशासारखं. शब्दकोश कोणी अ पासून ज्ञ पर्यंत वाचत नाही. त्यात प्रश्न घेऊन शिरायचं: रायबोसोमवर (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) तयार होत असलेल्या प्रथिनाला पेशीबाहेर जायचं आहे हे कोण सांगतं? मायटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए असताना बहुतेक प्रथिनं बाहेरून का आणावी लागतात? प्रश्न असला की त्या हजार पानांतली तुझी वीस पानं आपोआप वेगळी होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘एनसीबीआय बुकशेल्फ’वर या पुस्तकाची 2002 ची चौथी आवृत्ती फुकट आहे, पण एक गंमत आहे. तिथे शब्द टाकून शोधता येतं, पहिल्या पानापासून चाळत जाता येत नाही. प्रकाशकाने घातलेली ही अट विद्यार्थ्याच्या पथ्यावरच पडली आहे.

लोडिश आणि सहकाऱ्यांचं ‘मॉलिक्युलर सेल बायॉलॉजी’ (पहिली आवृत्ती 1986) तुझ्या यादीत चौथं आहे. ते आणि ‘अल्बर्ट्स’ दोन्ही विकत घेऊ नकोस, एकच घे. माझा कल लोडिशकडे आहे. हे कसं शोधून काढलं, ते त्यात जास्त दाखवतात. वर्गात सगळ्यांकडे ‘अल्बर्ट्स’ असेल तर मात्र तेच घे, एका पुस्तकावर चार जणांनी भांडण्यात फायदा आहे.

रसायनशास्त्र कच्चं असेल (तुझ्या पत्रावरून वाटलं, राग मानू नकोस) तर लेनिंजरचं जैवरसायनशास्त्र लागेल. पण सगळं नको. पाणी, अमिनो आम्लं, प्रथिनांची घडण, एन्झाइम आणि ऊर्जेचा हिशेब, एवढी प्रकरणं आधी कर. चयापचयाचे नकाशे पाठ करण्यात मी एक अख्खा उन्हाळा घालवला. क्रेब्स चक्र आजही म्हणून दाखवीन, पण त्याचा उपयोग मला एकदाही झाला नाही.

आता सगळ्यात आवडतं. मार्क टाश्ने यांचं ‘अ जेनेटिक स्विच’, 1986 चं, छोटंसं. सगळं पुस्तक एकाच विषाणूवर, लॅम्डावर. हा विषाणू जिवाणूत शिरला की एकतर त्याच्या डीएनएत घुसून निपचित पडतो, नाहीतर भराभर वाढून त्याला फोडतो. हा निर्णय डीएनएवरच्या शेजारशेजारच्या तीन जागांवर टिकून असतो. त्या जागांसाठी दोन प्रथिनांची चढाओढ चालते. रिप्रेसर आधी पहिल्या जागेवर बसतो, क्रो आधी तिसरीवर. दोघांना त्याच तीन जागा हव्यात, फरक फक्त पसंतीच्या क्रमाचा, आणि तेवढ्यावर विषाणूचं सगळं वागणं फिरतं. जनुकाचं नियमन म्हणजे काय हे मला ‘अल्बर्ट्स’च्या पूर्ण प्रकरणातून कळलं नव्हतं, ते या पुस्तकाच्या पहिल्या काही आकृत्यांतून कळलं. तुझ्या यादीत हे नाही. त्यातलं एक नाव काढ आणि हे घाल.

आकृत्यांवरून आठवलं. पाठ्यपुस्तकातली पेशी नेहमी मोकळी असते, निळसर पार्श्वभूमीवर चार-दोन रेणू तरंगत असतात. खरी पेशी तशी नसते, आत गच्च गर्दी असते. डेव्हिड गुडसेल यांच्या ‘द मशिनरी ऑफ लाइफ’मध्ये दहा लाख पट मोठं करून काढलेली पेशीची चित्रं आहेत, ती बघ. मजकूर नाही वाचलास तरी चालेल. आणि कुठलीही आकृती वाचताना खालचा मजकूर आधी झाक. प्रत्येक बाणाला विचार: इथे ऊर्जा कुठून आली? हा बाण उलटा का जात नाही? मग वहीत ती आकृती न बघता काढ. चित्रकला वाईट असली तरी बिघडत नाही, माझा गॉल्गी (पेशीतला चपट्या पिशव्यांचा गठ्ठा) जिलेबीसारखा दिसतो.

जुन्या आवृत्त्यांबद्दल विचारलं आहेस. बिनधास्त घे. पेशीचक्र, पटलं, प्रथिनांची वाहतूक यांचा गाभा फारसा हललेला नाही. सांभाळायचं ते जिनोम, सूक्ष्मदर्शनाची नवी तंत्रं आणि जनुक-संपादन या प्रकरणांत. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने हवा तिथे डीएनए कापता येतो हे 2012 मध्ये दाखवलं गेलं, तेव्हा 2008 च्या आवृत्तीत ते शोधून सापडणार नाही. विसाव्या शतकातल्या पुस्तकांत माणसाच्या जनुकांचा अंदाज लाखाच्या घरात असे. आज प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे 20,000 धरतात.

नव्या पुस्तकांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असतात असं 1920 च्या दशकापासून तीसेक वर्षं पुस्तकं सांगत होती. 1956 साली जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजली, 46 भरली. शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हे तर मी स्वतः वर्गात शिकवलं आहे. 2016 मध्ये हिशेब पुन्हा मांडला गेला तेव्हा साधारण बरोबरीचं प्रमाण निघालं.

हा हिशेब मांडणाऱ्यांत रॉन मायलो होते. त्यांचं आणि रॉब फिलिप्स यांचं ‘सेल बायॉलॉजी बाय द नंबर्स’ हाताशी ठेव. जीवशास्त्राचे विद्यार्थी आकड्यांना फार लवकर हात जोडतात. एक उदाहरण करून बघ. माणसाच्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे 25 कोटी बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) आहेत. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा सेकंदाला साधारण 50 बेस पुढे सरकते. ती मधोमध सुरू होऊन दोन्ही बाजूंना गेली तर प्रत्येक बाजूला साडेबारा कोटी, म्हणजे 25 लाख सेकंद, म्हणजे 29 दिवस. पेशीला या कामासाठी मिळतात आठेक तास. म्हणजे सुरुवात एका ठिकाणी होऊन भागणारच नाही. सगळ्या ठिकाणी एकदम सुरू झाली असं धरलं तरी निदान 87 जागा लागतील. प्रत्यक्षात सगळ्या एकदम सुरू होत नाहीत, म्हणून त्याहून कितीतरी जास्त लागतात. ‘माणसाच्या गुणसूत्रावर प्रतिकरण अनेक ठिकाणी सुरू होतं’ ही ओळ मी रंगवली होती. ती तशी असावीच लागते हे पेन्सिल घेऊन बसल्यावर कळलं.

‘अल्बर्ट्स’सोबत गणितांचं वेगळं पुस्तक निघतं, विल्सन आणि हंट यांचं. यातले हंट म्हणजे टिम हंट. समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन साठत जातं आणि दर विभाजनाला नाहीसं होतं हे ज्यांनी बघितलं आणि त्याला सायक्लिन नाव दिलं, तेच. त्यांचे प्रश्न खऱ्या प्रयोगांवर बेतलेले आहेत. प्रकरण वाचण्याआधी त्याचे दोन प्रश्न वाचून घे, येणार नाहीत, तरी घे.

झोपताना वाचायला जडसन यांचं ‘द एट्थ डे ऑफ क्रिएशन’ (1979). जाडजूड आहे, पण तेव्हाचे शास्त्रज्ञ त्यात स्वतः बोलतात, चुकतात, एकमेकांवर वैतागतात. वॉटसनचं ‘द डबल हेलिक्स’ तू वाचलंसच असशील. ते एकाच माणसाच्या बाजूने लिहिलं आहे हे लक्षात असू दे. रोझलिंड फ्रँकलिन 1958 मध्येच गेल्या आणि पुस्तक आलं 1968 मध्ये, त्यांना उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही.

यादीतली उरलेली दोन नावं परीक्षेच्या गाइडांची आहेत. परीक्षा जवळ आली की ती कुणाकडून तरी मिळतातच, आत्ता पैसे घालू नकोस.

आता तुझ्यासाठी एक काम. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे 46 लाख बेसजोड्या. प्रत निघायला सुरुवात एकाच जागेपासून होते आणि दोन्ही दिशांना जाते, प्रत्येकीचा वेग सेकंदाला साधारण 1000 बेस. म्हणजे एक प्रत पुरी व्हायला चाळीसेक मिनिटं लागतात. तरीही चांगलं खायला मिळालं की हा जिवाणू दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो, आणि प्रत्येक पिल्लाला पूर्ण डीएनए मिळतो. हे जमतं कसं? दोन दिवस कुठलंही पुस्तक उघडू नकोस, कागदावर चित्रं काढ. जे सुचेल ते, चुकीचं असलं तरी, मला पाठव.

तुझी,
ताई