मिलरचा प्रयोग शाळेत करता येईल?

प्रश्न : मुलगी नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनात तिला जीवसृष्टीच्या उगमाचा मिलरचा प्रयोग करून दाखवायचाय. आजोबा म्हणतात, शेजारी नासदीय सूक्तही लाव. जमेल? (एक पालक, ऐरोली)

उत्तर : प्रयोग नको, आकृती लावा. १९५२ मध्ये स्टॅन्ली मिलरने शिकागोत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ यांत विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याने पाण्यात ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं सापडली. ही जीव नव्हेत, कच्चा माल! शिवाय आत थोडी जरी हवा राहिली तर ठिणगीने स्फोट होतो.

त्याऐवजी फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरचा प्रयोग करा. दोन चंबूंत गाळलेलं डाळीचं पाणी घ्या. एकाच्या बुचात आडव्या एसच्या आकाराची काचनळी बसवा, दुसऱ्यात सरळ. नुसत्या उकळीने जिवाणूंचे बीजाणू (त्यांची उष्णता सोसणारी, सुप्त रूपं) मरत नाहीत, म्हणून कुकरमध्ये पूर्ण दाबावर २० मिनिटं ठेवा. वाफ आपोआप उतरू द्या. घाईने शिट्टी उचललीत तर पाणी उसळून नळीत चढतं. सरळ नळीचा चंबू काही दिवसांत गढूळ होतो, वाकडीचा स्वच्छ राहतो, कारण हवेतले जंतू वळणातच अडकतात. यातून आजचे जंतू जंतूंपासूनच येतात एवढं कळतं. पहिला जीव कसा झाला, हे नाही.

सूक्त जरूर लावा, पण पुरावा म्हणून नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं हे १२९वं सूक्त विश्वाच्या उत्पत्तीविषयी आहे, आणि शेवटी ‘वरच्या अध्यक्षालाही ते ठाऊक असेल किंवा नसेल’ असं म्हणून मोकळं होतं.