गाव नगरपंचायतीत जातंय, आमच्या मळ्यानं काय करावं?

प्रश्न : आमचं गाव बाजारपेठेचं आहे, पण तालुक्याचं ठिकाण नाही. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा हजारांच्या आसपास होती. नगरपंचायतीसाठी शासनाची प्राथमिक उद्घोषणा निघाली असून ग्रामपंचायतीची सगळी हद्द तिच्यात घेतली आहे. आमची वस्ती गावठाणापासून चार किलोमीटरवर मळ्यात आहे. आसपासच्या वस्त्या धरून आम्ही दोनेक हजार माणसं, सगळी शेती आणि दूधधंद्यावर जगणारी. पेठेतले व्यापारी खूश आहेत, वस्तीवरचे लोक धास्तावलेत. ग्रामसभेत विरोधाचा ठराव करून हे थांबवता येईल का? नाहीतर हरकत घ्यावी का? मी ग्रामपंचायत सदस्य आहे, माझी दोन वर्षं बाकी आहेत. त्याचं काय?
– एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, ठरावाचं आधी सांगतो, कारण गावाची सगळी ताकद तिथेच खर्च होते. ग्रामसभेच्या ठरावानं नगरपंचायत थांबत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 थ नुसार एखादं क्षेत्र ग्रामीणातून नागरी होऊ लागलंय की नाही हे राज्यपाल, म्हणजे व्यवहारात राज्य शासन, अधिसूचनेनं ठरवतं. ते ठरवताना लोकसंख्या, लोकवस्तीची घनता, स्थानिक महसूल आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण या गोष्टी बघायच्या असतात. आपल्याकडच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात नगरपंचायतीसाठी लोकसंख्येची मर्यादा 10 ते 25 हजार आहे. जनगणनेचे शेवटचे प्रसिद्ध आकडे धरले जातात, म्हणजे 2011 चे. तुमचं गाव त्यात बसतं. ठराव जरूर करा, पण तो हरकतीला जोडायचा कागद म्हणून करा. त्याला मनाई हुकूम समजू नका.

कोर्टाचंही तसंच. 1980 च्या दशकात कल्याण महापालिका स्थापन होताना सुरुवातीच्या प्रस्तावात उल्हासनगर होतं, अंतिम अधिसूचनेत ते वगळलं गेलं. त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1989 मध्ये न्यायालयानं सांगितलं की असं क्षेत्र ठरवणं हे कायदे करण्यासारखं काम आहे, कायद्यात लिहिलेली प्रक्रिया पाळली की पुरे, त्यापलीकडे प्रत्येकाला बोलावून ऐकून घेण्याचं बंधन शासनावर नाही. वकील हा निकाल नेहमी ‘काही करता येणार नाही’ म्हणून सांगतात. मला त्यातली दुसरी बाजू तुमच्या कामाची वाटते. प्रस्तावात असलेलं क्षेत्र अंतिम अधिसूचनेत वगळलं गेलं आणि ते टिकलं.

म्हणून माझा सल्ला असा की हरकत घ्या, पण नगरपंचायतीवर घेऊ नका, हद्दीवर घ्या.

पेठेला नगरपंचायत हवीच, असं माझं प्रामाणिक मत आहे. पंधरा हजारांच्या बाजारपेठेतलं सांडपाणी आणि कचरा ग्रामपंचायतीच्या चार कर्मचाऱ्यांकडून उपसला जात नाही. नगरपंचायत झाली की मुख्याधिकारी येतो, सतरा प्रभागांतून नगरसेवक येतात, बांधकाम परवानगी गावातच मिळू लागते, नगरोत्थानसारख्या शहरांसाठीच्या योजनांचा निधी मागता येतो. घरपट्टीची पद्धत बदलते, शिक्षण कर आणि वृक्ष करासारख्या रकमा जोडल्या जातात, त्यावरून आरडाओरडा होतो. व्यापाऱ्यांना तो सौदा परवडतो, कारण त्यांच्या दुकानाची किंमत वाढते.

मळ्याला यातलं फार थोडं मिळतं आणि जायचं मात्र बरंच जातं. केंद्राची रोजगार हमी ग्रामीण भागापुरती आहे, हद्द बदलली की ती संपली. घरकुलाची ग्रामीण योजना जाऊन शहरी योजना येते. तिथे अनुदान जास्त आहे, त्यामुळे हा मुद्दा हरकतीत ताणू नका, उलटेल. ग्रामसभा मात्र जाते. शहरी कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे, पण ती भरलेली मी क्वचितच पाहिली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमीन. नगरपंचायत ही नगररचना कायद्याखाली नियोजन प्राधिकरण होते आणि तिला विकास आराखडा करावा लागतो. त्यात तुमच्या उसाच्या रानावर क्रीडांगण किंवा रस्ता म्हणून आरक्षण पडू शकतं. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर सूचना देऊन, आणखी चोवीस महिने वाट बघून आरक्षण रद्द करून घेता येतं, पण तोवर तिथे बांधता येत नाही आणि विकायला काढली तर गिऱ्हाईकही सहज मिळत नाही. पुढे भूसंपादन झालंच, तर 2013 च्या कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला दोनपर्यंत गुणक लागू शकतो, शहरी जमिनीला तो 1 इतकाच राहतो, म्हणजे भाव वाढवून मिळत नाही.

आयकराचं तर गावात कुणाला माहीतच नसतं. ग्रामीण शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पण 10 हजार किंवा जास्त वस्तीच्या नगरपंचायतीच्या हद्दीतली शेतजमीन ही भांडवली मालमत्ता धरली जाते. मुलीच्या लग्नासाठी एकर विकलं की कराचा प्रश्न उभा. विकून आलेल्या पैशातून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर अटींवर सूट मिळते, पण लग्नासाठी विकणारा माणूस दुसरी जमीन कुठून घेणार? आणखी एक खाच आहे. एक लाखापर्यंत वस्तीच्या नगरपंचायतीच्या हद्दीबाहेरही सरळ रेषेत दोन किलोमीटरपर्यंत हाच नियम लागतो. तेव्हा नुसतं बाहेर राहून भागत नाही, हद्द गावठाणाजवळ आवळली गेली पाहिजे.

आता हरकत कशी लिहायची ते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे, लेखी, कारणांसह द्यायची. मुदत उद्घोषणेतच छापलेली असते, साधारण तीस दिवस. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. ‘आमचा विरोध आहे’ असल्या एका ओळीच्या दोनशे छापील अर्जांचा काही उपयोग होत नाही. त्यापेक्षा एकच सविस्तर अर्ज करा आणि खाली वस्तीवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. वस्ती वेगळं महसुली गाव नसेल तर वगळायचे गट नंबर चतुःसीमेसह लिहा आणि तलाठ्याकडून नकाशाची प्रत घेऊन त्यावर रेघ मारून जोडा. सातबारा, पीकपाहणीची नोंद, दूध संस्थेची पुस्तकं, जॉबकार्डं हे सगळं ‘इथे शेतीबाहेरचा रोजगार नाही’ याचा पुरावा म्हणून लावा. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय शेतकरी, शेतमजूर आणि इतर कामगारांचे आकडे मिळतात. ते काढा.

आणि एक वाक्य ठळक अक्षरात लिहा : आमच्या वस्त्या वगळूनही उरलेल्या क्षेत्राची लोकसंख्या साडेबारा हजार राहते, म्हणजे नगरपंचायतीला बाधा येत नाही. याच वाक्यामुळे पेठेतले लोक तुमच्या विरोधात उभे राहणार नाहीत. जमलं तर त्यांच्या दोन-चार प्रमुखांच्या सह्याही घ्या. वगळल्यावर तुमचं काय, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. उत्तर अर्जातच द्या : लगतच्या ग्रामपंचायतीत समावेश, किंवा निकषात बसत असाल तर स्वतंत्र ग्रामपंचायत. यासाठी लगतच्या ग्रामपंचायतीचा संमतीचा ठराव मिळवता आला तर अर्धं काम झालं.

शासनानं हरकती न वाचताच अंतिम अधिसूचना काढली किंवा उद्घोषणा नीट प्रसिद्धच केली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेला जागा आहे. प्रक्रियेची चूक न्यायालय गंभीरपणे घेतं. कल्याण-डोंबिवलीतून 18 गावं बाहेर काढणारी 2020 ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली होती, कारण महापालिकेशी आवश्यक सल्लामसलत झाली नव्हती. म्हणून पोचपावत्या जपा.

नंतर बाहेर पडू, असा विचार मात्र करू नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये पुणे महापालिकेत गेली, आणि त्यांची वेगळी नगरपरिषद व्हायला 2024 उजाडलं.

तुमच्या सदस्यपदाचं सांगायचं तर, गावाची नगरपंचायत झाली की ग्रामपंचायत संपते आणि तिच्याबरोबर उरलेली मुदतही. त्यावर भरपाई किंवा हक्क नाही. निवडणूक होईपर्यंत प्रशासक असतो, आणि तो काळ कागदावर ठरतो त्याहून लांबतो. आपल्या राज्यात अनेक नगरपरिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या आणि निवडणुका अखेर डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. म्हणून अजून सदस्य आहात तोवर ग्रामसभा बोलावण्याचा आग्रह धरा आणि हद्दीचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्याची प्रमाणित प्रत ग्रामसेवकाकडून याच आठवड्यात मागा.