भीती मुलीला वाटते, घाई तुम्हाला झालीय

तुमचं पत्र मिळालं. मुलगी सत्तावीस वर्षांची, एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला. सुटीच्या दिवशी घरी कपडे ऑल्टर करून देते: सैल कपडा अंगाबरोबर करणं, उंची कमी करणं, चेन बदलणं. हात चांगला आहे, आलेलं गिऱ्हाईक परत येतं. तुम्ही निवृत्तीच्या पैशांतून गाळा भाड्याने घेतलात, कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉकचं मशीन आणलंत, तिला नोकरीचा राजीनामा द्यायला लावलात, महिनाअखेरची उद्घाटनाची तारीख सगळ्या नातेवाइकांना कळवून मोकळे झालात. आता मुलीला रात्र-रात्र झोप नाही, दुकानाचा विषय निघाला की पोटात गोळा येतो. आणि तुम्ही विचारताय, ‘हिची भीती कशी घालवायची?’

भीतीचं नंतर बघू. पत्र वाचताना मला खटकलं ते वेगळंच. ‘मी ठरवलं’, ‘मी सांगितलं’, ‘मी बोलून ठेवलं’ असं पानोपानी आहे, पण ‘ती म्हणाली’ असं एकदाही नाही. तिला दुकान कधी हवंय, एवढं मोठं हवंय का, मुळात हवंय का, यातलं काहीच मला कळलं नाही. करिअर मार्गदर्शक म्हणून माझ्याकडे सहसा उलटी पत्रं येतात, मुलाला धंदा करायचाय आणि घरच्यांना नोकरी हवीय. त्यामुळे सुरुवातीला बरं वाटलं, की चला, कुणीतरी बाप मुलीच्या पाठीशी उभा आहे. पण पुढे तुम्ही लिहिता, ‘मला वडिलांनी धंदा करू दिला नाही, ते दुःख हिच्या वाट्याला नको.’ स्पष्ट बोलते, राग मानू नका. ते दुःख तुमचं आहे. तिला ते नव्हतंच. मुलाला डॉक्टरच हो म्हणणारा बाप आणि मुलीला मालकीणच हो म्हणणारा बाप, दोघांत मला फारसा फरक दिसत नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. गिऱ्हाइकाने ‘किती झाले?’ विचारलं की ती काहीतरी निमित्त काढून आत जाते आणि पैसे तुम्ही सांगता. आता बघा, हीच मुलगी परक्या माणसाच्या कपड्याला बेधडक कात्री लावते. कपडा एकदा कापला की कापला, तिथे चूक झाली तर भरून द्यावी लागते. तिथे तिचा हात थरथरत नाही. म्हणजे तिला कामाची भीती नाही. भीती आहे ती आपल्या कामाचं मोल आपल्या तोंडाने सांगण्याची. आणि दर वेळी तुम्ही पुढे होऊन आकडा सांगता तेव्हा तिला घटकाभर हायसं वाटतं. भीती वाटणारी गोष्ट टाळल्यावर वाटणारं हे हायसंच भीतीला पोसतं, कारण ‘मी सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं’ हे तिला कधी कळतच नाही. तुम्ही मदत म्हणून करता, होतं भलतंच. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी तुम्ही घराबाहेर जा. फेरफटका मारा, काहीही करा, पण बाहेर राहा.

‘घाबरू नकोस’ हेही जरा बंद करा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले होते. लोकांना चारचौघांत गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. ‘शांत हो’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. छातीत धडधड भीतीनेही होते आणि उत्साहानेही, त्यामुळे धडधड थांबवण्यापेक्षा तिला वेगळं नाव देणं सोपं जातं. अर्थात हे चार मिनिटांच्या प्रसंगापुरतं. तीन-तीन रात्री झोप नसेल तर हा उपाय तिथे पुरणार नाही.

आता तुमचा लाडका सिद्धांत: ‘पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही, म्हणून नोकरी आधी सोडायला लावली.’ हा गैरसमज इतका पसरलाय की मला त्याची चीड येते. नोकरी सांभाळून धंदा करणारा अर्धवट, आणि सगळं सोडून उडी मारणारा तो खरा जिगरबाज, हे कुणी ठरवलं? जोसेफ रॅफी आणि जी फेंग या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९९४ ते २००८ या काळातल्या हजारो उद्योजकांची माहिती तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१४ साली आला: आधी नोकरी करता करता धंदा सुरू केला आणि मग पूर्णवेळ धंद्यात उतरले, अशांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी होती. दुसरी गोष्ट तुमच्या घरासाठी जास्त महत्त्वाची. जोखीम टाळणाऱ्या, स्वतःबद्दल फारशी खात्री नसलेल्या माणसांचा कल या दुहेरी मार्गाकडे जास्त दिसला. म्हणजे तुम्ही जिला भित्री म्हणता, तिची चाल चुकीची नव्हती. नोकरीच्या पगारावर घर चालतं तोवर पडेल भावात काम घ्यावं लागत नाही, कटकटीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येतं, कोणतं काम वेळखाऊ आणि कोणतं परवडणारं हे हिशेबात दिसू लागतं. तुमची मुलगी हिशेबनीस आहे हो. तिला हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं दिसत असणार. विचारलंय कधी?

पैशांचंही बोलायला हवं. गाळा, मशीन, डिपॉझिट, सगळं तुमच्या निवृत्तीच्या पुंजीतून. तिला रात्री झोप का लागत नाही याचं उत्तर मला इथेच दिसतं. दुकान चाललं नाही तर नुसतं दुकान बंद होणार नाही, आईबापांचं म्हातारपण आपण उधळलं असं तिच्या मनाला लागेल. या ओझ्याखाली अनुभवी माणूसही घाबरेल. सरस सरस्वती या संशोधिकेने २७ मुरलेल्या उद्योजकांच्या विचार करण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा लक्षात आलं की ते ‘यातून मिळेल किती’ या हिशेबाने सुरुवात करत नाहीत. ‘गेलं तर किती गेलेलं चालेल’ हे आधी ठरवतात. तुम्ही दोघं वही घेऊन बसा आणि तो आकडा लिहा. इतके पैसे आणि इतके महिने, त्यापुढे एक पैसा नाही. तो आकडा गेला तर घरात कुणी कुणाला बोल लावणार नाही, हेही तिथेच लिहा. आकडा कमी-जास्त करायचा हक्क तिचा, सही दोघांची.

आता चार ओळी तिच्यासाठी, तिला वाचायला द्या.

बाळ, रात्री तीन वाजता डोक्यात जे काही येतं ते सकाळी कागदावर उतरव, पण एका विशिष्ट पद्धतीने. वर्ष उलटलंय आणि दुकान बंद पडलंय असं धरून चाल, आणि ‘का बंद पडलं’ ते लिही. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली ही रीत आहे. तुझ्या यादीत बहुतेक असं काहीतरी निघेल: पैसे कमी सांगितले, सगळ्यांना उद्याचीच तारीख दिली, ओळखीच्यांची कामं फुकट केली. यातल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं. भिंतीवर दरपत्रक लाव, म्हणजे निम्मं बोलणं कागदच करेल. तारीख देताना दोन दिवस जास्तीचे सांग. काम घेतानाच माप, काय करायचं आणि रक्कम पावतीवर लिहून दे, नंतर वाद नको. आणि तुला हे दुकान नकोच असेल, सुटीच्या दिवसाचं काम तेवढंच बरं वाटत असेल, तर तसं सांग. तोही व्यवसायच आहे.

झोप उडणं, धडधड, खाणं कमी होणं हे कित्येक आठवडे चालू असेल, किंवा ऑफिसातलं रोजचं कामही जमेनासं झालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. करिअर मार्गदर्शकाला पत्र लिहून भागणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की हे नाहीच जमलं तर स्पर्धा परीक्षेला बसवू का. वयाची अट बघा, बसता येईलही, पण ‘बसवू’ हा शब्द परत तुमचाच आहे.

उद्घाटनाची तारीख पुढे ढकला. नातेवाइकांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा, कारण बोलावणी तुम्ही केलीत. गाळ्याचा करार मोडता येतो का, किती नुकसान होईल, हे मालकाशी बोलून घ्या. राजीनामा अजून मंजूर झाला नसेल तर ती स्वतः साहेबांशी बोलून तो मागे घेता येतो का पाहील. मशीन परत होत असेल तर परत करा. होत नसेल तर राहू द्या, वाया जाणार नाही, मात्र त्याची किंमत तिच्यासमोर पुन्हा काढू नका.